रविवारचा विस्तव

शेवटचं गीत संपलं, बाकं सरकल्याचे आवाज झाले, तशी दूधवालीनं पदर सावरला. आता भांडी उघडणार होती.

चर्च लहानसंच. पत्र्याचं छप्पर, चुन्याच्या भिंती आणि मागे एक पडवी. पडवीत लांब मेज आणि त्यावर घराघरांतून आलेल्या लाकडी पेट्या. पेटीत पेंढा आणि पेंढ्यात गळ्यापर्यंत पुरलेलं भांडं. शनिवारी संध्याकाळी रांधायचं, झाकण घट्ट बसवून पेंढ्यात दाबायचं आणि रविवारी दुपारी सगळ्यांनी मिळून जेवायचं. या मंडळीत रविवारी विस्तव पेटत नसे, ना घरी ना चर्चमध्ये. चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंचांच्या आजोबांनी हा नेम घालून दिला होता. आठवडाभर बाया चुलीपुढे जळतात, एक दिवस त्यांनीही बाकावर बसावं, असं त्यांचं म्हणणं. नेम मायेचा होता, म्हणूनच तो मोडायला कुणी धजत नव्हतं.

दुसरा नेम भांड्यांचा. मेजावर ठेवलेल्या भांड्याला घर नसतं. हे माझं, ते तुझं असं कुणी म्हणायचं नाही. कुणाच्या घरची डाळ पातळ आहे आणि कुणाच्या भातात लोणी आहे, याची चर्चा नको, म्हणून. अर्थात कुठल्या भांड्याला कुठे पोचा आहे आणि कुणाच्या झाकणाची मूठ सैल आहे, हे पोरासोरांनाही पाठ होतं.

माणसं मेजाभोवती फिरली. वाटाणे उपसले गेले, बटाट्याची भाजी संपत आली. दूधवालीच्या एका बाजूनं चेपलेल्या भांड्याशी आले की हात थबकत आणि पुढे जात. शिंपीण तर दर वेळी काहीतरी आठवल्यासारखी मागे वळे.

"अगं बाई, पाणी राहिलं," ती म्हणाली आणि वळसा घालून पलीकडच्या पेटीशी गेली.

दूधवालीच्या सासूनं मात्र ताट पुढे केलं. "मला वाढ गं. जास्त वाढ."

"आई, मघाशीच घेतलंत ना."

"मग? म्हातारीनं दोनदा खाऊ नये असा काही नेम आहे का इथे?"

हे ती मोठ्यानं बोलली. कुणी हसलं नाही.

दूधवालीनं तिला वाढलं, भांडं परत पेंढ्यात दाबलं आणि झाकणावर पेंढा ओढला. नेमकं तेव्हाच मानेवर, केसांच्या खाली, तिला तो स्पर्श झाला. हाताची मागची बाजू, जराशी खरखरीत. भांड्याला हात लावून बघतात, तशी.

*ऊब आहे गं अजून.*

ती वळली नाही. मागे भिंतच असते, हे तिला आता ठाऊक झालं होतं.

*

गेल्या उन्हाळ्यात अशाच एका रविवारी निम्मी मंडळी संध्याकाळपर्यंत आडवी झाली होती. उलट्या, जुलाब, पोटात पिळा. बाकीचे सावरले. सुताराची बायको सावरली नाही. डॉक्टरांनी एवढंच सांगितलं, अन्नातून झालं. कुठल्या अन्नातून ते कुणी विचारलं नाही, कारण मेजावरच्या भांड्याला घर नसतं. पण त्या दिवशी दूधवालीनं दुधातला भात आणला होता. दूध, आणि तेही उन्हाळ्यात. शिवाय गाय व्यायला झाली होती म्हणून ती उशिरा, धावतपळत आली होती. एवढं पुरे झालं. तोंडावर कुणी बोललं असतं, तर तिलाही तोंड उघडता आलं असतं. कुणी बोललंच नाही.

आणि सुताराची बायको तिची मैत्रीण. चर्चचं जेवण सुधारलं ते त्या बाईनं. त्याआधी लोक गार, थिजलेलं अन्न खात, पोरं तर भाकरीला हातही लावत नसत. हिनं नवऱ्याच्या मागे लागून पहिली पेटी करून घेतली, पेंढा बारीक कापून कसा दाबायचा ते शोधून काढलं आणि मग घरोघर जाऊन शिकवलं. रविवारी ती जेवायच्या आधी मेजाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायची, प्रत्येक भांड्याला हाताची मागची बाजू टेकवायची आणि लहान मुलीसारखी खूश व्हायची. "ऊब आहे गं अजून!"

ती गेल्यावर पेट्या कमी झाल्या नाहीत, उलट वाढल्या. तिची आठवण म्हणून ज्यांच्याकडे नव्हती त्यांनीही घेतली. सुतार पैसे घेत नसे.

*

सोमवारी उजाडायच्या आत दूधवाली गोठ्यात होती. पावसाळा कोरडा गेलेला. दोन्ही गायींच्या बरगड्या दिसत होत्या. थोरली गाय गव्हाणीत तोंड घालून कोपरान् कोपरा चाटत होती आणि तिथे लाकडाशिवाय काही नव्हतं. दूधवालीनं कास धुतली, गुडघ्यात चरवी धरली. आधी चरवीच्या तळावर धारेचा टणटण आवाज आला, मग दुधात दूध पडल्याचा मऊ आवाज. आटत चाललं होतं, पण अजून होतं. घेणारे मात्र आटले होते.

पहिल्या घरी दार किलकिलं झालं. "आज नको हो. पाहुणे गेले."

दुसऱ्या घरी पोरगी आली. "आई म्हणते, आम्ही दूध सोडलं."

"सगळ्यांनी?"

"मांजरानं नाही," पोरगी म्हणाली आणि आतून हाक आली तशी पळाली.

शिंपिणीच्या दारात मशीन बंद होतं. शिंपीण डोळे लाल करून उंबऱ्यावर बसली होती.

"काय झालं?"

"धाकटी रात्रभर ओकतेय." शिंपिणीनं तिच्या चरवीकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. "कालचं काहीतरी बाधलं."

"माझ्या भांड्यातलं तिनं खाल्लं नव्हतं." हे बोलून गेल्यावर दूधवालीच्या लक्षात आलं, आपण नेम मोडला. भांड्याला घर दिलं.

शिंपिणीनं उंबऱ्यावरचा धागा उचलून बोटाला गुंडाळला. "नाही," ती शेवटी म्हणाली. "तुझ्यातलं मी कुणालाच देत नाही." आणि स्वतःच्याच बोलण्यानं दचकून ती आत गेली.

घरी नवरा वीटभट्टीवर जायच्या तयारीत होता. चरवी जशीच्या तशी परत आलेली त्यानं पाहिली.

"धाकटी गाय काढू या," तो म्हणाला. "बाजारात अजून कुणी विचारील तरी. महिन्यानं कातडं उरेल."

"दूध देणारी गाय विकायची?"

"घेणार कोण ते दूध? मी न्हाऊ का त्यात?" त्यानं डोक्याला फडकं बांधलं. मग आवाज जरा खाली आणून म्हणाला, "भट्टीवर गेल्या आठवड्यापासून माझ्या मडक्यातलं पाणीही कुणी पीत नाही. मी बोललो नव्हतो तुला."

सासू कोपऱ्यात शेंगा सोलत होती. "कुणी मारलं असेल तर त्यानं कबूल तरी करावं. न मारता शिक्षा भोगायची म्हणजे फारच झालं."

"आई, मी मारलं नाही हे तुम्हाला कसं माहीत?" दूधवाली म्हणाली. "मलाच माहीत नाही."

शेंगेची टरफलं खाली पडायची थांबली.

*

कळलं ते सासूच्या मायेमुळे. बुधवारी संध्याकाळचं दूध तसंच उरलं. तापवायला सरपण थोडं होतं, म्हणून म्हातारीनं एकदाच उकळून ते भांडं रविवारच्या पेटीत ठेवलं, वर पेंढा दाबला. सकाळी सूनबाईला आयतं कोमट दूध मिळेल आणि काटक्या वाचतील, असा हिशेब.

सकाळी झाकण काढलं तर दूध दोरी धरत होतं. पळी वर उचलली की लांब तार निघे. वास आंबट नव्हता, त्याहून वाईट होता. ओल्या फडक्यासारखा.

"नासलं गं," सासू खजील झाली. "उकळलं होतं मी चांगलं."

शेजारी फळीवर दुसरं भांडं होतं. त्यातलं दूध तसंच उकळलेलं, पण खिडकीत वाऱ्यावर उघडं राहिलं होतं. दूधवालीनं चाखलं. चांगलं होतं.

ती दोन्ही भांड्यांकडे पाहत उभी राहिली. दही लावताना ती काय करते? दूध कोमट करते, विरजण घालते, आणि गोधडीत गुंडाळून ठेवते. उकळत्या दुधात विरजण मरतं. गारात ते झोपतं. कोमटात ते रात्रभर वाढतं. हे तिला आजीनं शिकवलं होतं आणि आयुष्यभर ती रोज हेच करत आली होती. मग जे चांगलं आहे ते कोमटात वाढतं, आणि जे वाईट आहे ते काय वाट बघत बसतं?

तिनं पेंढ्यात हात घातला. आत अजून ऊब होती. अगदी अंगाइतकी. शनिवार संध्याकाळ ते रविवार दुपार. सगळी भांडी, सगळ्या घरांची.

"कुणाचंच नव्हतं," ती म्हणाली.

"काय?"

"किंवा सगळ्यांचंच होतं. आई, पेटीमुळे होतं हे."

म्हातारीला समजायला वेळ लागला. समजलं तसा तिचा चेहरा आधी उजळला आणि मग हळूहळू विझला. "म्हणजे तिच्याच..." ती म्हणाली आणि तोंडावर पदर धरला.

दूधवालीनं पेटीतला पेंढा ओंजळीनं काढला आणि गोठ्यात नेऊन थोरल्या गायीपुढे टाकला. गायीनं तो असा खाल्ला, की बघवेना.

*

नवऱ्याला ऐकून आनंद झाला. "आज सांग. आत्ता सांग. पंचांच्या दारात उभी राहून ओरडून सांग."

"आधी सुतार भाऊजींना सांगायला हवं. त्यांना चारचौघांत कळायला नको."

सुताराचं दुकान रस्त्याच्या टोकाला होतं. रंधा चालला होता. पातळ, कुरळी सालपटं त्याच्या पायांवर पडत होती. बायको गेल्यापासून तो जेवण एकवेळच करी, आणि मनगटं अशी झाली होती की रंधाच त्याला ओढतोय असं वाटे.

"या वहिनी. बसा. भुसा झटकून बसा."

ती बसली. समोर अर्धी झालेली पेटी होती. कोपरे एकमेकांत बसवलेले, खिळा एकही नाही.

"कुणाची?"

"शिंपिणीची. तिची जुनी फुटली. म्हणाली, मुलीला बरं नाही, तिला ऊन ऊन खायला मिळू दे." त्यानं फळीवरून बोट फिरवलं. "हिचं शेवटचं बोलणं काय होतं, माहीत आहे का? ताप चढला होता, भान नव्हतं. म्हणाली, कुणाच्या पेटीचं झाकण सैल आहे बघा हो. ऊब जाते. मी म्हटलं, बघतो." तो थांबला. "तेवढंच करतोय. बघतोय."

दूधवालीच्या तोंडाशी आलेलं वाक्य तिथेच राहिलं. ते तिनं वाटेत दहादा जुळवलं होतं. आता त्याचा एकेक शब्द पटाशीच्या पात्यासारखा धारदार दिसायला लागला.

"भाऊजी," ती म्हणाली, "त्या दिवशी..."

"त्या दिवसाचं काढू नका." तो घाईनं बोलला. पण मग त्यानं मान वर केली आणि पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ पाहिलं. "तुम्ही रोज माझ्या दारावरून जाता, वहिनी. मान खाली घालून. मला वाईट वाटतं. मुद्दाम कुणी करत नाही असं. मला कळतं ते."

तिला कळेना, हा माणूस तिला काय देऊ करतोय. मग कळलं. तो तिला माफ करायच्या बेतात होता. आणि ते करायला त्याला किती बळ गोळा करावं लागत होतं, ते त्याच्या गळ्याच्या शिरांत दिसत होतं.

दुकानात दुसरं कुणी नव्हतं. तरी भिंतीला टेकवलेल्या फळ्यांजवळ कुणीतरी उभं राहून ऐकत होतं, याची तिला खात्री होती. मानेवर हात आला नाही. नुसती वाट पाहणं होतं.

"पेटी चांगली झालीय," ती म्हणाली आणि उठली.

*

शनिवारी तिनं काही रांधलं नाही. मोठं पातेलं घासलं, तांदूळ आणि डाळ निवडून फडक्यात बांधली, कांदे-बटाटे टोपलीत घातले.

"सांगितलंस सुताराला?" नवऱ्यानं विचारलं.

"नाही."

"मग उद्या सगळ्यांपुढे..."

"उद्याही नाही."

त्यानं गोठ्याकडे बोट केलं. "गाय जाईल."

"शिंपिणीची पोर जाईल, ते आधी," ती म्हणाली. "उन्हाळा चढतोय. मला ते थांबवायचंय. नाव कुणाचंही होऊ दे."

रविवारी उपासना सुरू झाली तेव्हा तिची बाकावरची जागा रिकामी होती. चर्चच्या मागे, पडवीपासून थोडं दूर, तिनं तीन दगड मांडले, काटक्या रचल्या आणि काडी ओढली. लहानपणापासून रविवारी तिनं विस्तव पाहिला नव्हता. दिवसाउजेडी तो जवळजवळ दिसतच नव्हता, नुसती हवा हलत होती. पातेल्यात पाणी तापू लागलं. आत पंच वचन वाचत होते. धूर खिडकीतून आत गेला असावा, कारण वाचता वाचता त्यांचा आवाज अडखळला.

शेवटचं गीत कुणी धड म्हटलं नाही. सगळे बाहेर आले.

पंच पुढे होते. म्हातारे, ताठ, घंटेच्या दोरीनं तळहातांना घट्टे पडलेले. "हे काय आहे?"

"जेवण, काका."

"रविवारी विस्तव?"

"हो."

"माझ्या आजोबांनी..."

"बाईमाणसांसाठी केला नेम, ठाऊक आहे मला. मी बाईमाणूसच आहे, काका. मला चालतं."

मागून कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच खोकलं. पंचांच्या कपाळाची शीर उडाली. "पेट्या भरून अन्न आलंय. मग हे कशाला?"

हीच ती वेळ होती. नवरा गर्दीच्या कडेला उभा होता, त्याचे ओठ हलत होते, *बोल, बोल*. सासूनं तिचं मनगट धरलं होतं. आणि सगळ्यांच्या मागे, पडवीच्या खांबाला टेकून, सुतार. शिंपिणीची नवी पेटी त्याच्या हातात होती. दोन्ही हातांनी, छातीशी धरलेली.

"माझ्यामुळे," दूधवाली म्हणाली. "माझ्यामुळे सगळ्यांच्या मनात भीती बसली. मेजाशी आल्यावर हात थबकतात. मला दिसतं. म्हणून म्हटलं, इथून पुढे डोळ्यांदेखत शिजू दे. सगळ्यांनी कच्चं आणावं, एकाच पातेल्यात टाकावं आणि उकळतं असतानाच वाढून घ्यावं. मग कुणाच्या भांड्याचा प्रश्न नको. कोमट, राहिलेलं काही नको."

पातेल्यातली डाळ फुटून वर आली, बुडबुड वाजत राहिली.

"म्हणजे कबूल करतेस," पंच हळू आवाजात म्हणाले. विचारलं नाही, म्हणाले.

सासूची नखं मनगटात रुतली. "अगं..."

"आई," दूधवाली म्हणाली. "पळी द्या."

शिंपीण पुढे आली. कडेवरची पोर मलूल होऊन खांद्यावर पडली होती. "मला पटतं," ती कुणाकडेच न बघता म्हणाली. "डोळ्यांदेखत शिजलेलं बरं. माझ्या पेटीतलं मी कोंबड्यांना घालीन."

मग बायकांत कुजबुज झाली, आणि ती नाराजीची नव्हती. सुटल्यासारखी होती. गेलं वर्षभर प्रत्येकीनं शनिवारी झाकण लावताना मनात काय काय म्हटलं असेल, ते त्या कुजबुजीत होतं.

पंच विस्तवापासून दोन पावलं मागे सरले. "नेम मोडायचा तर पाप कुणाच्या तरी माथी जाणार," ते म्हणाले. "सगळ्यांच्या नको. ज्याच्या माथी आधीच आहे, त्यानंच पेटवावा. दर रविवारी. दुसऱ्या कुणी काडीला हात लावायचा नाही."

"चालेल, काका."

गर्दी फाकली. सुतार चालत आला. त्यानं पेटी खाली, भिंतीशी ठेवली आणि ताट घेतलं. सगळ्यांच्या आधी. पातेल्याशी आला. दूधवालीनं वाढलं. त्यानं उभ्यानंच पहिला घास घेतला, तोंड पोळलं, तरी गिळला.

"वहिनी," तो म्हणाला, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "माझ्या मनात काही राहिलं नाही. झालं ते झालं. तुम्हाला माफ केलं."

त्याचे डोळे पाणावले होते आणि चेहऱ्यावर वर्षभरात नव्हती अशी काहीतरी सैल झाल्याची खूण होती. नवऱ्यानं मान फिरवली. सासू तोंड उघडून उभी होती.

"हो, भाऊजी," दूधवाली म्हणाली. "आणखी वाढू?"

"वाढा."

त्यानं दुसऱ्यांदा घेतलं. मग तिसऱ्यांदा. त्याच्यामागे शिंपीण, तिच्यामागे बाकीचे. पातेलं खरवडून संपलं.

*

सोमवारी शिंपीण स्वतः तांब्या घेऊन गोठ्यापर्यंत आली. हळूहळू बाकीची दारंही उघडली. ज्यानं कबूल केलं आणि ज्याला माफ केलं, त्याचं दूध प्यायला कुणाची हरकत नसते. धाकटी गाय राहिली. पेट्यांतला पेंढा दूधवालीनं घरोघर जाऊन मागून आणला. तुमच्या गायी जगतील, म्हणत लोकांनी दिला. रिकाम्या पेट्यांत चर्चची ताटं-वाट्या राहू लागल्या. सुताराला ते आवडलं.

घरात नवरा बरेच दिवस कमी बोलत होता. एकदा जेवताना म्हणाला, "खोटं डोक्यावर घेऊन फिरतेस तू."

"दूध विकलं जातंय ना?"

"ते दुधाचं नाही बोलत मी."

"मग जेवा," ती म्हणाली. तो जेवला.

आता रविवारी घंटा वाजली की सगळे आत जातात आणि ती मागे जाते. तिची बाकावरची जागा कुणी दुसऱ्यानं घेतली आहे. पाऊस असला तर ती चुलीवर पत्रा धरते. ऊन असलं तर पदर डोक्यावर ओढते, काटक्या लावते, फुंकते. खिडकीतून गीत ऐकू येतं, पण शब्द नीट लागत नाहीत, म्हणून ती नुसत्या चालीवर ओठ हलवते.

पाण्याला आधण येण्याच्या थोडं आधी, पातेलं नुसतं तापलेलं असतं तेव्हा, कुणीतरी शेजारी येऊन उकिडवं बसतं. पातेल्याकडे हात जातो. हाताची मागची बाजू.

"थांब," दूधवाली म्हणते. "अजून नाही. उकळू दे."

आणि दोघी थांबतात.